तू, तुम्ही आणि रउआ

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेवरून मोठा गदारोळ झाला. १६ एप्रिलला शासनाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती केली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमत असल्याचे जाहीर केले. त्या अडीच महिन्यांत सभा झाल्या, अग्रलेख लिहिले गेले, चहाच्या टपरीपासून धर्मग्रामाच्या सभागृहापर्यंत सगळीकडे एकच चर्चा होती. कोणती भाषा? कितवीपासून? सक्तीची की ऐच्छिक? या प्रश्नांचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. पहिलीतल्या लेकराच्या पाठीवर तीन भाषांचे ओझे नको, हे माझेही मत आहे. परंतु मुलाला आणखी एक भाषा शिकवायची म्हणजे नेमके काय द्यायचे, हे त्या सगळ्या गदारोळात कोणी कोणाला विचारल्याचे माझ्या ऐकिवात आले नाही. भाषा हा जणू तांदळाचा कोटा आहे, आणि वाद फक्त किलोचा व वाटपाच्या तारखेचा आहे.

मी वसईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना मराठी आणि हिंदी शिकवते. इंग्रजीच्या शिक्षिका रजेवर गेल्या की तेही तास माझ्याकडे येतात. या वयाच्या मुलांविषयी शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ लिहिलेले आहे. मला इतक्या वर्षांत जे उमगले ते एवढेच, की अकरा ते तेरा हे लाजेचे वय आहे. दुसरीतले मूल घरची बोली वर्गात बिनदिक्कत बोलते. तेच मूल सहावीत आले की देवळाच्या पायरीशी चपला काढाव्यात तशी आपली बोली फाटकाबाहेर काढून ठेवते, आणि ज्याला ती नीट काढून ठेवता येत नाही, ते गप्प बसते.

आमच्या वसईत या लाजेला खाद्य पुष्कळ आहे. पश्चिमेला सामवेदी, जिला आपण कादोडी म्हणतो, वाडवळी आणि कोळी; पूर्वेला डोंगराकडे वारली; आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींतून व चाळींतून घाटावरची मराठी, मालवणी, गुजराती, भोजपुरी, कन्नड. समारंभाच्या भाषणांत आपण 'बोली' हा शब्द मोठ्या कौतुकाने उच्चारतो. वर्गात मात्र तिचे नाव 'अशुद्ध' असते. प्रमाण मराठी मुलाला आलीच पाहिजे, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. तिच्यावाचून त्याला परीक्षा, अर्ज, वृत्तपत्र, पवित्र शास्त्र यांपैकी काहीही आपले करता येणार नाही. पण एक भाषा देताना दुसरी हिसकावून घेतलीच पाहिजे, असा नियम कोणी केला?

तीन वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या एका पाड्यावरून एक वारली मुलगा सहावीत दाखल झाला. दुसऱ्याच दिवशी तो उभा राहून मला म्हणाला, "टीचर, तू माझी वही नाय दिली." वर्गात एकच हशा पिकला. शेजारच्या मुलाने घाबरून त्याचा सदरा खाली ओढला. त्या पोराला आपले काय चुकले हेच कळेना. त्याच्या घरी आईला तू, बापाला तू, आजोबांना तू आणि दारी आलेल्या पाहुण्यालाही तूच म्हणतात. त्याने माझा अवमान केला नव्हता. आपल्या आईशी बोलावे तसा तो माझ्याशी बोलला होता.

'हसू नका' असे सांगणे सोपे होते, पण त्याने फक्त हसणे थांबते. म्हणून मी वर्गाला विचारले, "रात्री झोपताना तुम्ही देवाला काय म्हणता? तू की तुम्ही?" वर्ग स्तब्ध झाला. हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता. "सरपंचांना तुम्ही, मुख्याध्यापकांना तुम्ही, मला तुम्ही, आणि ज्याने आकाश व पृथ्वी निर्माण केली त्याला तू. हे कसे?" मग एकेक उत्तर येऊ लागले. देव एकच आहे म्हणून. आईलाही आपण तूच म्हणतो म्हणून. देव घरचा आहे म्हणून. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, "टीचर, मी माझ्या बाबांना तुम्ही म्हणते आणि स्वर्गातल्या बापाला तू. मग त्यांच्यात मोठे कोण?" त्या दिवशी ठरलेला पाठ राहून गेला. वारली मुलाकडे मात्र नंतर कोणी हसून पाहिले नाही. त्याचा 'तू' अचानक प्रार्थनेच्या पंक्तीला जाऊन बसला होता.

त्या तासापासून मला एक वाट सापडली. मुलांना परक्या भाषांची आणि परक्या माणसांची ओळख करून द्यायची, तर सुरुवात रंगांच्या आणि फळांच्या नावांपासून न करता, ते लोक एकमेकांना हाक कशी मारतात, येथून करावी. सर्वनाम हा व्याकरणातला सगळ्यात रुक्ष धडा समजला जातो. मला तो सगळ्यात रसाळ वाटू लागला.

प्रभूची प्रार्थनाच घ्या. इंग्रजीतल्या जुन्या रूपात देवाला 'दाऊ' म्हटलेले आहे. आमच्या मुलांना, आणि त्यांच्या पालकांनाही, तो मोठा भारदस्त, दरबारी शब्द वाटतो. प्रत्यक्षात तो इंग्रजीतला एकवचनी 'तू' आहे. इंग्रजांनी कालांतराने तो व्यवहारातून टाकून दिला आणि सगळ्यांना 'यू' म्हणू लागले. प्रार्थनेत उरलेला जिव्हाळ्याचा शब्द मग न वापरल्यामुळे मानाचा वाटू लागला. फ्रेंचमध्ये याच्या उलट घडले. तेथे 'तु' आणि 'वू' असे आपल्यासारखेच दोन शब्द आहेत. कॅथलिक मंडळी प्रभूच्या प्रार्थनेत देवाला आदराने 'वू' म्हणत असत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर, १९६६ मध्ये, निरनिराळ्या पंथांच्या फ्रेंच ख्रिस्ती लोकांनी या प्रार्थनेचे एक सामाईक रूप स्वीकारले आणि त्यात देवाला 'तु' म्हणण्याचे ठरले. पोर्तुगीज भाषेत ही प्रार्थना म्हणताना आजही आदरार्थी रूप वापरतात. मुलांना यातून फ्रेंच येत नाही, हे उघड आहे. पण आपल्यापासून हजारो मैलांवरचा एक समाज देवाला तू म्हणावे की तुम्ही, याचा विचार करीत बसला होता, हे कळल्यावर 'फ्रेंच लोक' म्हणजे आयफेल टॉवर नव्हे, माणसे आहेत, एवढे त्यांच्या ध्यानी येते.

एका मुलाची पणजी जुन्या काळातली मिस्सा लॅटिनमध्ये ऐकून वाढलेली. अर्थ न कळता पाठ झालेली लॅटिन उत्तरे तिला अजून येतात. त्याने तिच्याकडून ती ऐकून वहीत लिहून आणली. त्यात 'तुओ' हा शब्द होता. "म्हणजे काय?" मी म्हटले, "तुझ्या." वर्गाला ही मोठी गंमत वाटली. लॅटिनचा 'तू', फ्रेंचचा 'तु', पोर्तुगीजचा 'तू' आणि आपला तू हे एकाच कुळातले. लॅटिनचा 'पातेर' आणि आपला पितृ हेही सगोत्र. १५८३ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात या देशातील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले होते. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात हाच विचार मांडला आणि त्यातून तौलनिक भाषाशास्त्र उभे राहिले. त्याच्या दोनशे वर्षे आधी एक इंग्रज धर्मगुरू गोव्यात कान देऊन ऐकत होता.

हल्ली अनेक शाळांच्या माहितीपत्रकांत 'जागतिक भाषा' हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन इत्यादी परकीय भाषांची सोय सुचवली आहे; शाळा त्याआधीच, पाचवी-सहावीतच, त्यांचे तास लावतात. त्याला माझा विरोध नाही. माझी भाची अशा एका शाळेत दोन वर्षे फ्रेंच शिकली. तिला सगळे रंग, बारा महिने आणि फळांची नावे अस्खलित येतात. पण एखाद्या फ्रेंच आजीबाईंना पाणी हवे का, असे विचारायचे झाले तर 'तु' म्हणावे की 'वू', हे तिला सांगता येईना. कारण त्या तासात आजीबाई कधी आल्याच नव्हत्या. आले होते ते सफरचंद. शब्द पुष्कळ आणि समोर माणूस नाही, असा तो अभ्यास.

आमचे वाडवडील असे शिकले नाहीत. वसईचा भाजीवाला पहाटेच्या गाडीने मुंबईच्या उपनगरांत उतरून डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरत असे. गुजराती घरात गुजराती, पारशी घरात त्यांच्या तऱ्हेचे गुजराती, भय्याच्या दुकानात हिंदी आणि संध्याकाळी घरी येऊन सामवेदी किंवा वाडवळी. त्याला कोणी बहुभाषिक म्हटले नाही. कोणत्या घरात सोवळे आहे, कोणत्या दारी टोपली उंबऱ्याच्या आत ठेवायची नाही, कोणत्या बाईंना 'बेन' म्हणायचे आणि कोणाला 'शेठाणी', हे त्याला भाषेबरोबरच शिकावे लागले. आज ज्याला सांस्कृतिक जाणीव म्हणतात आणि ज्याच्या कार्यशाळा भरतात, ते त्याला वांगी विकण्यासाठी लागत होते.

परकी भाषा तर आमच्या घरात दोनशे वर्षे राहून गेली. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे २०५ वर्षे, वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. ते गेले, पगार, चावी, बटाटा, पाव, कोबी, घमेले, परात, तुरुंग, लिलाव, हापूस आणि नाताळ मागे ठेवून गेले. सामवेदी ख्रिस्ती समाजाचे 'कुपारी' हे नावही पोर्तुगीज 'कोम्पाद्रे'वरून आले, असे सांगतात. मी मुलांना स्वयंपाकघरात फिरून असे शब्द शोधून आणायला सांगते. घमेले परदेशी आहे, यावर त्यांचा विश्वास बसता बसत नाही.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात मी एक मोठा उपक्रम केला. त्याची प्रेरणा मला एका आयरिश अधिकाऱ्याकडून मिळाली. सर जॉर्ज ग्रीअर्सन यांनी १९०३ ते १९२८ या काळात भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे खंड प्रसिद्ध केले. त्यांत १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद आहे. १९०५ चा सातवा खंड मराठीचा. त्यात कोकणच्या बोलींमध्ये आपली सामवेदी आणि वाडवळीही आहे. इतक्या भाषांची तुलना करायची तर प्रत्येकीतून एकच मजकूर मिळवायला हवा. त्यासाठी त्यांनी निवडला लूककृत शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला. कारण धार्मिक नव्हते, व्याकरणाचे होते: त्या एका गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, नामांच्या बहुतेक विभक्ती येतात आणि क्रियापदाचे तिन्ही काळही येतात. जी गोष्ट आपण क्षमेसाठी ऐकतो, ती कोण्या अधिकाऱ्याने सर्वनामांसाठी निवडली, याचे मला फार कौतुक वाटले. बाप, मुलगा आणि भाऊ एकमेकांना काय म्हणतात, यावरच ती सारी गोष्ट उभी आहे, हे त्याला नेमके दिसले होते.

वर्गात ४३ मुले होती आणि त्यांच्या घरी मिळून नऊ भाषा-बोली. मी म्हटले, ही गोष्ट प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत लिहून आणायची. लिपी देवनागरी चालेल. स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले होते, तर तुमचे कन्नड देवनागरीत का नको? घरी विचारा, आजीला विचारा. गुण मिळणार नाहीत, हेही सांगितले. ते ऐकून दोन-तीन हुशार मुलांचे चेहरे उतरले.

पहिली अडचण एका गुजराती मुलीला आली. धाकटा मुलगा परत आल्यावर बाप पुष्ट वासरू कापायला सांगतो, तेथे तिची लेखणी थांबली. तिच्या घरी अंडेही येत नाही. "मी हे वाक्य आजीला कसे विचारू?" मी तिला सांगितले, की ग्रीअर्सननेही येथील लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून या दाखल्याच्या शब्दांत थोडे फेरफार करून घेतले होते. तिने दोन दिवसांनी वही आणली. तिच्या गोष्टीतला बाप लापशी रांधायला सांगतो. वर्गात वाद झाला. एक गट म्हणे, ही फसवणूक आहे. देवाच्या वचनात वासरू आहे. दुसरा गट म्हणे, मुद्दा जेवणाचा आहे. वारली मुलाची तक्रार निराळीच होती. त्या दूर देशात दुष्काळ पडला म्हणून मुलगा डुकरांच्या शेंगा खायला निघाला, हे त्याला पटेना. "रानात कडूकंद नव्हता का? राखेच्या पाण्यात उकडून खायचा." त्याच्या मते तो मुलगा उधळ्या असेल-नसेल, पण रानाची माहिती नसलेला नक्कीच होता.

त्या वर्गात एक भोजपुरी मुलगा होता. त्याचे वडील पूर्वेच्या एका गाळ्यात यंत्रावर काम करतात. जूनपासून दिवाळीपर्यंत तो हजेरीला 'उपस्थित' म्हणण्यापलीकडे बोलला नव्हता. मराठी त्याला समजत होती. बोलली की मुले त्याच्या लिंगाच्या चुका मोजीत. त्याने आपला कागद वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच संवादाला मुले हसली. धाकटा मुलगा एकटाच बापाशी बोलतो आहे आणि स्वतःला 'हम' म्हणतो आहे! "एकटा आहे, मग आम्ही कसे? राजा आहे काय?" तो थांबला. मला वाटले, आता हा कायमचा बसणार. पण तो म्हणाला, "हमारे में सबलोग हमही बोलता है. मैं बोलेगा तो घमंडी लगेगा." भोजपुरीत एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो, 'मैं' म्हणणे त्याच्या कानाला ताठ्याचे वाटते, आणि आम्हाला मात्र 'हम' ताठ्याचे वाटत होते. सगळा वर्ग त्या दोन शब्दांकडे पाहत राहिला. मी फळ्यावर दोन्ही लिहिले आणि काही न बोलता उभी राहिले.

मग आम्ही थोरल्या भावापाशी आलो. हा भाग आपल्याकडे प्रवचनांत घाईने उरकला जातो, असे माझे जुने मत आहे; खरी गोष्ट तेथे सुरू होते. थोरला रागावून दाराबाहेर उभा आहे, घरात यायला तयार नाही. बाप बाहेर येऊन विनवतो. थोरला त्या वेळी भावाला भाऊ म्हणत नाही. 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. बाप उत्तरात 'हा तुझा भाऊ' असे म्हणून तो शब्द त्याच्या हाती परत देतो. हे मुलांनी स्वतः शोधून काढले, कारण नऊ भाषांत ते वाक्य लिहिताना प्रत्येकाला तेथे थांबावे लागले. मी विचारले, रागावलेला थोरला बापाला काय म्हणेल? घाटावरची मुलगी म्हणाली, राग आला तरी वडिलांना तुम्हीच. कोळीवाड्यातला मुलगा म्हणाला, आमच्यात बापाला नेहमीच तू, त्यात राग नाही. भोजपुरी मुलाने सांगितले, की बापाला 'रउआ' म्हणतात आणि कितीही भांडण झाले तरी रउआचे 'तू' करीत नाहीत. एक सामवेदी मुलगा म्हणाला, "मी रागावलो की बोलतच नाही." त्यावर सगळे हसले, पण ते हसणे निराळे होते.

त्यानंतर दोन मुलांनी भोजपुरी मुलाला 'रउआ' अशी हाक मारायला सुरुवात केली. आधी ती थट्टाच होती, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण थट्टेत दिलेले नाव हा त्याच्या भाषेतला सगळ्यात मानाचा शब्द आहे, हे कळूनही त्यांनी ते सोडले नाही. तोही हाकेला ओ देऊ लागला. आता त्याला शाळाभर याच नावाने ओळखतात. तो पुष्कळ बोलतो, मराठीत लिंगाच्या चुका करतो आणि चुका मोजणाऱ्याला स्वतःच आकडा सांगतो.

या उपक्रमातला जो भाग मला अजून सलतो, तो दुसराच. वर्गात सामवेदी घरांतली चौदा मुले होती. त्यांपैकी कोणाची मदत न घेता सामवेदीत लिहू शकली फक्त तिघे. बाकीच्यांना ती समजते, बोलता येत नाही. आईवडील आपापसांत सामवेदी बोलतात आणि मुलांकडे वळले की प्रमाण मराठी किंवा मोडके इंग्रजी बोलतात; मुलाचे नुकसान होऊ नये म्हणून. अकरा मुले आजी-आजोबांकडे गेली, आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा उरले नव्हते, ती शेजारी गेली. 'क्षमा' या शब्दाला घरचा शब्द कोणता, हे विचारल्यावर एका आजीने नातीला सांगितले, "असे काही आपल्यात बोलत नाहीत. जेवायला बस म्हणतात." मुलीने तसेच लिहिले. मी ते तसेच राहू दिले.

याच सुमारास एक पालक मला भेटायला आले. सुशिक्षित गृहस्थ, वाडी अजून राखून आहेत. त्यांच्या वाडीच्या दोन्ही बाजूंना इमारती उठल्या आहेत. त्यांनी आवाज न चढवता विचारले, "टीचर, आमची भाषा आमच्याच घरात उरली नाही, आणि तुम्ही आमच्या पोरांना भोजपुरी ऐकवता? आमच्या गावात आम्हीच परके झालो, आता हेही शिकायचे?"

हा प्रश्न उद्धट नव्हता. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. त्यात आमचा वाटा केवढा, हे सांगायला आकडेवारी नको, पाणी भरायच्या रांगेत उभे राहिले तरी कळते. १९८८ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ते केवळ विहिरी आणि केळीच्या बागांसाठी उतरले नव्हते. ज्याची जमीन, पाणी आणि बोली डोळ्यांदेखत जाते आहे, त्याला 'शेजाऱ्यावर प्रीती कर' असे फळ्यावर लिहून दाखवणे मला जमत नाही.

मी त्यांना एवढेच म्हटले, की तुमच्या मुलाने भोजपुरी ऐकली त्याच आठवड्यात तुमच्या आईची सामवेदीही आयुष्यात पहिल्यांदा कागदावर उतरवली. आठवड्यांमागून आठवडे मी 'बोली जपा' म्हणून सांगितले असते तर त्याने लिहिली नसती. शेजारच्या बाकावरचा मुलगा न लाजता आपली भाषा वाचतो आहे, हे पाहून त्याने लिहिली. त्यांनी वही मागितली. उभ्यानेच दोन्ही पाने वाचली. खिशातून पेन काढून एक शब्द खोडला, त्यावर दुसरा लिहिला आणि म्हणाले, "हा शब्द आई असा म्हणत नाही. पोराने ऐकताना चूक केली." माझे म्हणणे त्यांना पटले, असे ते म्हणाले नाहीत. वही परत देऊन ते गेले.

ते गेल्यावर मला पुन्हा गोव्याच्या भूमीतल्या दोन गोष्टी आठवल्या. १५७९ मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर असलेले स्टीफन्स गोव्यात आले. त्यांनी साष्टीच्या लोकांत राहून त्यांची भाषा कमावली, त्यांच्याच ओवीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायला ते कचरले नाहीत. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानतात. पुढे पन्नास वर्षेही उलटली नाहीत, तोच १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज विजरईने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. दोन्ही माणसे एकाच धर्माची, एकाच ध्वजाखाली आलेली. एकाने भाषा शिकून घेतली, दुसऱ्याने हुकूम सोडला. फर्मानानंतर साडेतीनशे वर्षे होत आली. कोकणी आजही बोलली जाते. पण आपली भाषा ही नोकरांची भाषा आहे, अशी जी लाज त्या काळात लोकांच्या मनात रुजली ती काढायला गोव्याला किती पिढ्या लागल्या, हे तेथील लेखकांना विचारावे. सामवेदीवर तर कोणी फर्मान काढलेले नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही शाळेत फलक लावला, पेढे वाटले. पुढच्या जूनमध्ये पाचवीच्या आमच्या वर्गात आदल्या वर्षापेक्षा नऊ मुले कमी आली. ती कोठे गेली हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या पालकांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. जी मुले आली आहेत, त्यांच्या घरी यंदा सात भाषा आहेत. त्यांपैकी एक तमिळ, आमच्याकडे पहिल्यांदाच आलेली. त्या मुलीने सांगितले, की तमिळ प्रार्थनेत देवाला 'नीर्' म्हणतात; ते 'तू'पेक्षा मानाचे आणि 'तुम्ही'पेक्षा जवळचे असते. असे मधले सर्वनाम मराठीत का नाही, म्हणून मुले मजवर रुसली आहेत.

यंदाच्या सातवीला मी चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला आहे. लुटला गेलेला वाटसरू, न थांबता निघून गेलेले दोघे आणि थांबलेला तिसरा, एवढे सगळ्यांना पटकन लिहिता आले. पुढे गाडे अडले. शोमरोनी म्हणजे कोण, हे मी समजावून सांगितले: यहुदी ज्याच्याशी व्यवहारही ठेवीत नसत असा शेजारी. त्यावर एकाने विचारले, "टीचर, मग आपल्या भाषेत तिथे कोणाचे नाव घालायचे?" वर्गात चुळबुळ झाली. दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून हसले, एकाने रउआच्या धाकट्या भावाकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी उत्तर दिले नाही. घरी विचारून या, म्हटले. वह्या सोमवारी यायच्या आहेत.